पिस्तूल, कुलूप आणि झोपेतून उठलेला माणूस

ह्यूस्टनला आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. एका संध्याकाळी त्यांनी मला आपल्या झोपायच्या खोलीतली पेटी दाखवली. मसाल्याच्या डब्यापेक्षा थोडी लांबट, जाड पत्र्याची, पलंगाच्या लाकडाला दोन बोल्टांनी आवळलेली. झाकणावर पंजा बसेल असे चार खळगे आणि प्रत्येक खळग्यात एक बटण. त्यांनी दिवा मालवला, डोळे मिटले आणि हात पेटीवर ठेवला. मी मनात आकडे मोजत होतो. तीन म्हणेपर्यंत झाकण स्प्रिंगने वर उडालं होतं. आत फोमवर भरलेलं पिस्तूल.

“दिवसा बंद असते,” ते म्हणाले. “रात्री झोपताना मात्र झाकण उघडं ठेवतो. चोर घरात शिरल्यावर तीन सेकंद फार होतात.”

दर शनिवारी त्यांचा सहा वर्षांचा नातू मुक्कामाला येतो.

ते तीन सेकंद तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेत घरातल्या बंदुकीवर जो वाद चालतो त्याचं मूळ तिथेच आहे. कुलूप लावलं तर वेळेवर हाताशी येणार नाही, ही एक भीती. कुलूप नसेल तर भलत्याच हाती पडेल, ही दुसरी. कायद्यालाही हा पेच सोडवावा लागला. वॉशिंग्टन शहरात १९७६ पासून पिस्तुलांवर बंदी होती आणि घरातल्या बाकीच्या बंदुका रिकाम्या, आणि शिवाय सुट्या करून किंवा चापाला कुलूप घालूनच ठेवाव्या लागत. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हे नियम रद्द केले. घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र वापरताच येणार नाही अशी अट चालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढे प्रश्न उरला तो तंत्राचा आणि माणसाच्या शरीराचा: मालकाला पटकन उघडेल आणि दुसऱ्या कोणाला उघडणारच नाही असं कुलूप असतं का?

आधी ते ‘दुसरे कोणी’ कोण हे बघू. २००१ साली अटलांटाच्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांवर एक प्रयोग केला. मुलांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत एका खोलीत खेळायला सोडलं. समोर एकतर्फी आरसा, पलीकडे संशोधक. एका खणात दोन पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या आणि दुसऱ्या खणात एक खरं पिस्तूल, गोळी सुटणार नाही असं केलेलं. गोळी सुटण्याइतक्या जोराने चाप ओढला तर पलीकडे दिवा लागेल अशी सोय आत बसवली होती. एकूण २९ गट. त्यांतल्या २१ गटांना पिस्तूल सापडलं, १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. पिस्तूल सापडलेल्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना ते खेळण्यातलं वाटलं किंवा नक्की काय ते कळलं नाही. मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारा आकडा पुढचा आहे. ज्यांनी पिस्तूल हाताळलं किंवा चाप ओढला त्यांच्यापैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीला हात लावू नये हे आधी कोणीतरी शिकवलेलं होतं.

आईबाप म्हणतात, आमच्या मुलाला समजावलंय. ते खरंच समजावतात आणि मूल खरंच ऐकतं. पण खण उघडल्यावर जे हात पुढे जातात ते कुतूहलाचे असतात, तिथे शिकवण मागे पडते. वय लहान म्हणून चाप ओढवणार नाही, हाही भरवसा धरू नये. १९९५ च्या एका अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. दोन बोटांनी ओढताना १० पौंड, म्हणजे साधारण साडेचार किलोचा जोर लावू शकणारी मुलं ३-४ वर्षांच्या वयात पाव होती आणि ५-६ वर्षांच्या वयात ७० टक्के. बऱ्याच पिस्तुलांचा चाप याहून हलका असतो. राहता राहिलं लपवणं. अलाबामाच्या ग्रामीण भागात संशोधकांनी आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं विचारलं. ‘बंदूक कुठे असते ते आमच्या मुलाला माहीत नाही’ असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी जागा माहीत असल्याचं सांगितलं. दिवाळीचा फराळ कुठल्या डब्यात आहे हे आपल्या घरात मुलांपासून किती दिवस लपून राहतं?

आता कुलपाचा उपयोग किती होतो ते. २००५ साली वॉशिंग्टन राज्य, ओरेगॉन आणि मिसूरी इथल्या घरांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बंदुकांमुळे मुलांना किंवा किशोरांना इजा झाली, त्या कशा ठेवलेल्या होत्या याची तुलना इतर घरांतल्या बंदुकांशी केली होती. बंदूक कुलपात ठेवणं, रिकामी ठेवणं, गोळ्या कुलपात ठेवणं आणि गोळ्या वेगळ्या जागी ठेवणं, या चारही सवयींचा स्वतंत्र फायदा दिसला. बंदूक कुलपात असेल तर अशा घटनेची शक्यता जवळपास पाऊणने कमी. नुसत्या गोळ्या वेगळ्या ठेवल्या तरी निम्म्याहून थोडी जास्त कमी. तरीही २०१५ च्या सर्वेक्षणानुसार अमेरिकेत ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती, जिथे किमान एक बंदूक भरलेली आणि कुलपाबाहेर होती.

२००५ च्या त्या अभ्यासातल्या इजांमध्ये अपघातांबरोबर आत्महत्याही होत्या. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही म्हणूनच इथे लिहितो. २०२२ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८ हजार माणसं गेली. त्यांतले २७ हजार मृत्यू आत्महत्येचे होते. याच ह्यूस्टनमध्ये, जीव जाता जाता वाचलेल्या १३ ते ३४ वयाच्या लोकांशी संशोधक बोलले. त्यांच्यापैकी जवळपास एक चतुर्थांश लोकांनी सांगितलं, की मनात ठरवणं आणि कृती यांत पाच मिनिटांहून कमी वेळ गेला होता. ती लाट येते तशी ओसरतेही, मात्र ती ओसरेपर्यंत साधन हाताशी नसावं लागतं. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला लावली. त्यानंतर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं. घरात कोणी खचलेलं असेल तर तेवढा काळ बंदूक घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे किंवा दुकानाच्या लॉकरमध्ये ठेवावी. आणि बोलायला माणूस हवा असेल तर अमेरिकेत ९८८, भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

शेजाऱ्यांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाला रात्री काच फुटल्याचा आवाज आला तर काय वाटतं ते कोणीही समजू शकतं. अशा वेळी बंदुकीचा उपयोग किती वेळा होतो यावर अभ्यासकांत टोकाचा मतभेद आहे. १९९५ च्या एका दूरध्वनी सर्वेक्षणाने वर्षाला २५ लाख वेळा असा अंदाज काढला. सरकारच्या गुन्हे सर्वेक्षणातला आकडा त्याच्या कितीतरी खाली येतो. २००७ ते २०११ या काळातल्या, पीडित व्यक्ती स्वतः हजर असलेल्या चौदा हजारांहून जास्त घटना तपासल्या, तेव्हा त्यांतल्या १ टक्क्याहून कमी घटनांत बंदुकीने बचाव झालेला दिसला. मला दुसरी पद्धत जास्त भरवशाची वाटते. पण १ टक्का म्हणजे शून्य नव्हे. ज्याच्यावर वेळ आली त्याला टक्केवारी सांगून भागत नाही. म्हणून ते तीन सेकंद नीट तपासू.

रात्री दोन वाजता दचकून उठलेल्या माणसाचा मेंदू एकदम चालू होत नाही. जागं होताना काही काळ झोपेचा अंमल राहतो, याला निद्राजडत्व म्हणतात. २००६ साली प्रयोगशाळेत लोकांना झोपेतून उठवून लगेच दोन आकडी बेरजा करायला दिल्या. उठल्याउठल्या पहिल्या काही मिनिटांत त्यांची कामगिरी २६ तास न झोपलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट होती. सगळ्यात वाईट पहिली तीन मिनिटं. जडत्व बरंचसं दहा मिनिटांत जातं, थोडं त्यानंतरही रेंगाळतं. उघड्या पेटीत हात घालणारा माणूस हा असा असतो.

डोळ्यांचंही तसंच. अंधारात आपल्याला दिसतं ते दंडपेशींमुळे. दृष्टिपटलाच्या मधोमध, ज्या ठिपक्याने आपण अक्षर वाचतो आणि चेहरा ओळखतो, तिथे दंडपेशी नसतातच. म्हणून काळोखात समोर टक लावून पाहावं तर तीच जागा पुसट होते. बोळात उभी असलेली आकृती चोराची आहे की पार्टीहून उशिरा आलेल्या मुलाची, हे कळायला उजेड लागतो. पेटीत विजेरी नसेल तर नुसतं पिस्तूल हाती येऊन ते कोणावर रोखलंय हे कळणार नाही.

त्यात घाबरल्यावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं. कातडीकडचा रक्तपुरवठा आखडतो, बोटं गार पडतात, तळहाताला घाम सुटतो, हात कापतो. मोठ्या हालचाली जमतात, बारीक जमत नाहीत. कुठलं कुलूप चालेल याचं उत्तर इथून मिळतं. छोटी किल्ली अंधारात भोकात बसत नाही, आणि सोयीसाठी किल्ली जवळपास लपवली तर तीही मुलांना सापडते. नंबर फिरवायची तबकडी अशा वेळी हाताळवत नाही. चापाचं कुलूप तर भरलेल्या बंदुकीला लावूच नये, लावता-काढताना चाप दाबला जाऊ शकतो. त्या मानाने बोटांखाली न बघता सापडणारी चार-पाच बटणं बरी, कारण रोज सराव केला तर तो क्रम हातालाच पाठ होतो. पाच बटणांची निव्वळ यांत्रिक कुलपंही मिळतात. त्यांत बॅटरी संपायची भानगड नाही. मी घेणार असतो तर तेच घेतलं असतं.

बोटाचा ठसा ओळखणारी पेटी सगळ्यांत आधुनिक वाटते, पण तिथे एक मुळातली अडचण आहे. सेन्सर ठशातल्या रेषांचे उंचवटे आणि खळगे मोजतो आणि नोंदलेल्या ठशाशी जुळवून पाहतो. जुळणी कधीच शंभर टक्के नसते, म्हणून बनवणाऱ्याला एक उंबरठा ठरवावा लागतो. उंबरठा उंच ठेवला तर घामट, चिरलेल्या किंवा भांडी घासून सुरकुतलेल्या बोटाला पेटी उघडत नाही. खाली आणला तर परक्या बोटालाही उघडण्याचा धोका वाढतो. दोन चुकांपैकी एक कमी केली की दुसरी वाढते. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने अशा सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवल्या. नोंद न केलेल्या बोटांनीही त्या उघडत होत्या, आणि १२ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूचा खटलाही त्यासंदर्भात दाखल झाला होता. पेटी आणली की घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून, आपटून, हलवून पाहावं. जी आपटल्याने उघडते ती दुकानात परत करावी.

तर हिशेब असा. सराव असेल तर कुलपाचे दोन-तीन सेकंद. डोकं ताळ्यावर यायला काही मिनिटं. म्हणजे आपल्याला खरी टंचाई आहे ती मिनिटांची, आणि ती मिनिटं पेटी उघडी ठेवून मिळणार नाहीत. ती मिळतात घराच्या दाराशी. चौकटीत खोलवर गेलेले लांब स्क्रू, मागच्या दाराची चांगली कडी, अंगणात हालचाल होताच लागणारा दिवा, खिडकीचा सेन्सर, भुंकणारा कुत्रा, झोपायच्या खोलीला आतून लागणारं भक्कम कुलूप. चोर अजून बाहेरच असताना आपण जागे झालो तर दिवा लावता येतो, मुलांना हाक मारता येते, ९११ फिरवता येतो आणि मग पेटीला तीन सेकंद लागले तरी चालतात.

आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका असतात, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या. तिथे काडतुसं वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायला काहीच अडचण नाही. रानडुक्कर आणि माकडं तेवढा वेळ देतात. उशाशी भरलेलं पिस्तूल ही गरज अमेरिकेतल्या भीतीतून आली आहे, आणि इथे राहणाऱ्या मराठी घरांनाही ती आता परकी नाही. ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांच्यासाठीही एक गोष्ट आहे. मुलगा मित्राकडे रात्री राहायला जातो तेव्हा आपण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगतो, कुत्रा चावतो का विचारतो. त्याच दमात विचारावं, “घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?” मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा जीभ अडखळली होती. त्या मुलाच्या आईने मला सरळ वरच्या मजल्यावर नेलं आणि बंद तिजोरी दाखवली. भारतातून आलेल्या आईबाबांनाही सांगून ठेवावं. कोणाच्या घरी गेल्यावर मदत म्हणून खण आवरायला घेण्याची त्यांची सवय असते.

शेजाऱ्यांना मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. झोपेचा प्रयोग सांगितला, बेरजांचा. ते गप्प बसले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मागच्या दाराशी शिडी लावलेली दिसली. चौकटीला चार इंची स्क्रू बसवत होते आणि वर सेन्सरचा दिवा लटकत होता. मी खालून शिडी धरली. पेटीचं झाकण आता रात्रीही बंद असतं, हे त्यांनी काम संपल्यावर पाणी पिता पिता सांगितलं.