लाइनविड्थ अरुंद म्हणजे लेसर स्थिर, असं नसतं

उपग्रहांच्या लेसर दुव्यासाठी ‘स्थिर लेसर’ मागवला की विक्रेता 1 किलोहर्ट्झ लाइनविड्थ (लेसरच्या वारंवारितेच्या रेषेची रुंदी) दाखवतो आणि मागणारा खूश होतो. नंतर दुवा लॉक होत नाही, म्हणजे रिसीव्हरला आलेल्या प्रकाशाची वारंवारिता पकडता येत नाही.

फायबरमध्ये कोहेरंट दुवे, म्हणजे प्रकाशाच्या फेजवरून डेटा वाचणारे दुवे, करणाऱ्यांना लाइनविड्थ शिकवायला नको. दोन्ही टोकांच्या लाइनविड्थची बेरीज करायची आणि सिम्बॉल रेटशी (सेकंदाला किती चिन्हं जातात त्याच्याशी; एकक बॉड) ताडून बघायची. 10 गिगाबॉड क्यूपीएसकेला (चार फेजांचं मॉड्युलेशन) बेरीज 200 किलोहर्ट्झ असली तरी चालते. तिथे 1 किलोहर्ट्झसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे उधळपट्टी. 200 किलोहर्ट्झची तीच बेरीज 10 मेगाबॉडला मात्र चालणार नाही.

खरा घोळ ड्रिफ्टचा, म्हणजे वारंवारिता सावकाश सरकत जाण्याचा. तंबोऱ्यावर गाणाऱ्याचा आवाज जराही न कापता अर्ध्या तासात सूर चढत जावा, तसं हे असतं: रेषा अरुंदच राहते, पण जागा सोडते. एनडी-याग एनपीआरओ (1064 नॅनोमीटरचा स्फटिक लेसर) तापमानाच्या अंशाला सुमारे 3 गिगाहर्ट्झ सरकतो, डीएफबी डायोड (अर्धवाहक लेसर) साधारण 10. म्हणजे एनपीआरओच्या तापमानात दशांश अंशाची चूक झाली की 300 मेगाहर्ट्झ गेले. डेटाशीटवर ते दिसत नाही, कारण लाइनविड्थ बहुधा सेल्फ-हेटरोडाइनने मोजतात: लेसरचा किरण फायबरमधून उशिरा आणलेल्या त्याच्याच किरणाशी मिसळतात. 5 किलोमीटर फायबरचा विलंब 25 मायक्रोसेकंद, आणि दोन्ही किरण एकाच लेसरचे. त्यामुळे सावकाश सरकणं वजाबाकीत उडून जातं. 1550 नॅनोमीटरच्या आसपासच्या लेसरचा ड्रिफ्ट मोजायचा तर ॲसिटिलीन वायूच्या रेषेला लॉक केलेल्या लेसरशी बीट (दोन वारंवारितांमधला फरक) घ्या, चेंबरचं तापमान वरखाली करा आणि दिवसभर काउंटर चालू ठेवा.

अवकाशात यात डॉप्लरची, म्हणजे वेगामुळे वारंवारिता बदलण्याची, भर पडते. दोन उपग्रह सेकंदाला 7 किलोमीटर वेगाने जवळ येत असतील, तर 1550 नॅनोमीटरवर वारंवारिता 4.5 गिगाहर्ट्झने सरकते. पण डॉप्लर कक्षेवरून आधीच काढता येतो, ड्रिफ्ट नाही. प्रत्येक लेसरची अनिश्चितता ±2 गिगाहर्ट्झ असेल तर रिसीव्हरला ±4 धुंडाळावे लागतात, आणि भेटीची मिनिटं त्यातच संपतात. दोष मात्र पॉइंटिंगवर (किरणाचा नेम धरण्यावर) ढकलतात. ट्रॅकिंग सेन्सरवर पुरेशी पॉवर आहे आणि बीट नाही, तर आरसे हलवत बसू नका; आधी वारंवारिता तपासा.

पॉवरची स्थिरता? डायोडचा करंट नीट सांभाळला की सहसा पुरते.

डेटा-दुव्यालाही कॅव्हिटी (लेसरची वारंवारिता स्थिर ठेवणारी आरशांची पोकळी) हवीच, म्हणून ग्रेस-फॉलोऑन उपग्रहांचा दाखला देणं आता थांबवावं. 2018 मध्ये गेलेल्या त्या जोडीतली कॅव्हिटी अंतर मोजण्यासाठी आहे, डेटासाठी नाही. टेरासार-एक्स आणि एनफायर या उपग्रहांमधला 2008 चा दुवा घ्या: 1064 नॅनोमीटर, होमोडाइन बीपीएसके (दोन फेजांचं मॉड्युलेशन, रिसीव्हरचा लेसर आलेल्या प्रकाशाच्याच वारंवारितेवर), सेकंदाला सुमारे 5.6 गिगाबिट. तिथे फेज धरून ठेवावीच लागते, म्हणून लाइनविड्थ आणि ड्रिफ्ट दोन्ही सांभाळावे लागतात. उलट नासाच्या सायकी यानावरच्या डीएसओसी या लेसर-संपर्क प्रयोगाने डिसेंबर 2023 मध्ये 3.1 कोटी किलोमीटरवरून सेकंदाला 267 मेगाबिट वेगाने डेटा पाठवला, तो पल्स-पोझिशन मॉड्युलेशनने (पल्स कोणत्या क्षणी येतो त्यावरून), फोटॉन मोजून. तिथे फेज कोणी बघतच नाही. तरंगलांबी रिसीव्हरच्या फिल्टरमध्ये राहिली की झालं. 1550 ला 0.1 नॅनोमीटरचा फिल्टरसुद्धा 12.5 गिगाहर्ट्झ रुंद असतो.