उभ्या गाडीला धरतं कोण?

चाळीसगाव मागे टाकून कन्नड घाट चढायला लागलं की एखाद्या वळणावर गाड्यांची रांग ठरलेलीच. लहानपणी मामांच्या ट्रकमध्ये बसून मी त्या रांगेत तासन्‌तास काढले आहेत. ट्रक थांबला रे थांबला की मामा खिडकीतून ओरडायचे, "गोटा लाव रे भो!" क्लीनर उडी मारून खाली उतरायचा आणि मागच्या चाकाला दगड लावायचा. हँडब्रेक ओढलेला असायचा, गाडी गियरमध्ये असायची, तरीही दगड. ब्रेक असताना दगड कशाला, हे मला तेव्हा कळायचं नाही.

पळती गाडी थांबवणं आणि थांबलेली गाडी धरून ठेवणं ही दोन निराळी कामं आहेत. पळत्या गाडीच्या अंगात वेग असतो. ब्रेक घासून त्या वेगाची उष्णता करतो, म्हणून घाट उतरताना लायनर जळल्याचा वास येतो. पण ते काम काही सेकंदांचं किंवा फार तर मिनिटांचं. उभ्या गाडीत उष्णता नाही आणि झीजही नाही. तिथे असतो तो न थकणारा ओढा. वीस फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर २५ टनांचा ट्रक उभा केला, तर उतार त्याला साडेबारा क्विंटलच्या जोराने खाली ओढत असतो. ड्रायव्हर जेवायला गेला, झोपला, इंजिन बंद पडलं, तरी हा ओढा तसाच राहतो. म्हणून उभ्या गाडीच्या ब्रेकला एक अट आहे: त्याने कुणाच्याही मदतीशिवाय, इंजिनाशिवाय, रात्रभर धरून ठेवायला हवं.

कारमधला पायाचा ब्रेक ही अट पाळू शकत नाही. पेडल दाबलं की नळ्यांमधलं तेल दाबलं जातं आणि तेच चाकाजवळचे शू किंवा पॅड, म्हणजे घासून अडवणारे तुकडे, आवळतं. हा दाब कोंडून ठेवला, तरी रबरी सीलमधून तो हळूहळू ओसरू शकतो. थोडा वेळ चालेल, रात्रभर त्याचा भरवसा नाही. म्हणून हँडब्रेक तेलाच्या वाटेला जातच नाही. दांडी वर ओढताना जो कटकट आवाज येतो, तो दातेरी पट्टीवरून सरकणाऱ्या खटक्याचा. दर कटकटीला खटका पुढच्या दातात अडकतो आणि ओढलेली वायर मागे जाऊ देत नाही. ती वायर मागच्या दोन्ही चाकांपर्यंत जाते आणि ड्रमच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ डब्याच्या, आतली एक लहान तरफ ओढून दोन्ही शू बाहेर ढकलते. हात काढला तरी ताण खटक्यात कैद राहतो. वायर वर्षानुवर्षं ताणून सैल होते, म्हणून पूर्वी चार-पाच कटकटींत धरणारी गाडी पुढे आठ-नऊ मागते. तेव्हा मेकॅनिककडे जाऊन वायर आवळून घ्यावी. एवढं साधं काम लोक का टाळतात, मला कळत नाही.

मागे ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे दोन पॅडच्या चिमट्यात फिरणारी थाळी, असलेल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. तोरणमाळ उतरून आल्यावर डिस्क तापून किंचित जाड झालेली असते. अशात हँडब्रेक जेमतेम ओढून निघून गेलात, तर डिस्क निवते, आकसते आणि पॅडची पकड ढिली पडते. गाडी लावताना हलली नाही म्हणून अर्ध्या तासाने हलणारच नाही, असं नाही. ड्रमचं उलटं असतं. निवताना ड्रम आकसतो आणि आतल्या शूंवर जास्तच आवळतो. डिस्कची पकड अशी ढिली पडते म्हणूनच बटणाच्या हँडब्रेकवाल्या अनेक गाड्या थोड्या वेळाने आपोआप पुन्हा एकदा आवळून घेतात. त्यांच्यात एक छोटी मोटर बारीक आट्यांचा स्क्रू फिरवते. वीज लागते ती फक्त फिरवण्यापुरती. जॅकचं हँडल सोडलं तरी वर उचललेली गाडी खाली येत नाही, तसा तो स्क्रूही दाबाने उलटा फिरत नाही.

ट्रॅक्टरची तऱ्हा वेगळी. शेतात जागेवर वळता यावं म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाला वेगवेगळं पेडल असतं, आणि रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं पट्टीने जोडायची असतात. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबून एक खटका अडकवला की तोच हँडब्रेक होतो. पेडलं जोडलेली नसतील तर धरतं एकच चाक. आणि मागे कापसाची भरलेली ट्रॉली असते, जिला बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेकच नसतो. तिचं सगळं ओझं ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर येतं. ट्रॉलीच्या चाकाला दगड लावणारा शेतकरी हे बरोबर ओळखून असतो.

आता मामांच्या ट्रककडे येतो. त्यांच्या जुन्या गाडीत हँडब्रेकची दांडी होती. आजच्या जड ट्रकमध्ये आणि एसटीत त्या जागी एक छोटा वाल्व असतो. तो ओढला की फुस्स करून हवा सुटते. आपल्याला वाटतं की हवेने ब्रेक लागला. घडतं ते नेमकं उलटं. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग दाबून ठेवलेली असते, आणि तिला दाबून धरणारी हवाच आपण सोडून देतो. मोकळी झालेली स्प्रिंग ब्रेक आवळते. थोडक्यात, ट्रकला मुळातच ब्रेक लागलेला असतो. हवा लागते ती त्याला सोडवायला.

पहाटे सावद्याला किंवा रावेरला केळीचे ट्रक निघण्याआधी इंजिन चालू करून उभे दिसतात, त्याचं एक कारण हेच. टाकीतल्या हवेचा दाब साधारण पाच किलोपर्यंत चढेपर्यंत स्प्रिंग मागे हटत नाही आणि चाक फिरत नाही. वाटेत नळी फुटली, हवा गेली, तर ब्रेक सुटत नाही, लागतो. माणसाने केलेल्या यंत्रांतल्या सर्वांत शहाण्या युक्त्यांपैकी ही एक आहे असं मी मानतो: बिघाड झाला तर गाडी थांबण्याच्या बाजूला झुकते. फक्त त्या चेंबरला नटबोल्ट दिसतात म्हणून कुणी ते उघडायला जाऊ नये. आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने बाहेर येते आणि जीव घेते. हवा संपलेला ट्रक ओढून न्यायचा असेल तर चेंबरच्या मागून खास बोल्ट घालून स्प्रिंग आवळतात. ते जाणकाराचंच काम.

मग दगड कशाला? कारण स्प्रिंग जितकी लांबते तितका तिचा जोर कमी होतो. लायनर झिजले आणि शू-ड्रममधलं अंतर वाढलं, तर तिचा बराचसा धक्का ते अंतर कापण्यातच खर्च होतो आणि ड्रमवर उरतो तो उरलासुरला जोर. त्यातही स्प्रिंग सगळ्या चाकांना असतेच असं नाही. क्लीनरचा गोटा या हिशेबातली तूट भरून काढतो.

रेल्वेची हवा मात्र याच्या अगदी उलट वागते. गाडी तुटली तर डबे आपोआप थांबावेत, अशी ब्रेकची रचना जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये केली. मुख्य नळीतला दाब गेला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. पण इथे धरणारी हवाच आहे, स्प्रिंग नाही. इंजिन बंद ठेवून गाडी उभी राहिली, तर ती हवा तासातासाने झिरपते आणि ब्रेक सुटत जातो. म्हणून वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, बाजूला हँडब्रेकचं लोखंडी चाक असतं. ते माणसानेच, एकेका वाघिणीजवळ जाऊन, फिरवायचं असतं. भुसावळच्या यार्डात हे चाक, लाकडी गुटके आणि साखळ्या नसतील तर उभ्या मालगाडीचा भरवसा नाही. स्थानकाच्या यार्डाचा उतार ४०० मीटरला एका मीटरहून जास्त नसावा, असा नियम आहे. डोळ्यांना तो सपाटच दिसतो. पण दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा आणणारी गाडी ४,००० टनांची धरली, तर तेवढ्याशा उतारावरही तिला दहा टनांचा ओढा बसतो, आणि लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी अडतं.

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मूतल्या कठुआ स्थानकावरून खडी भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाविना निघाली आणि सत्तर किलोमीटरहून जास्त धावून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब. कॅनडातल्या लॅक-मेगँटिक गावाचं नशीब तसं नव्हतं. जुलै २०१३ मध्ये कच्च्या तेलाची गाडी वरच्या बाजूला रात्रीपुरती उभी केली होती. सात हँडब्रेक लावले होते, बाकी भार इंजिनाच्या हवेवर होता. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं, हवा झिरपत गेली आणि गाडी सुटली. ४७ माणसं गेली. हँडब्रेक पुरेसे आहेत का हे पाहण्यासाठी चालकाने गाडी हलवून पाहिली होती, पण त्या वेळी इंजिनाचा हवेचा ब्रेक लावलेलाच होता. गाडी हलली नाही ती हवेमुळे, आणि श्रेय मिळालं हँडब्रेकला.

तीच चूक आपण रोज कारमध्ये करतो. पाय पेडलवर, गाडी गियरमध्ये, आणि हँडब्रेक ओढून उतरायचं. यातलं कोण धरतंय हे कळायला मार्गच नाही. लळिंगच्या चढावर गाडी लावताना मी आधी न्यूट्रल करतो, हँडब्रेक ओढतो आणि पाय हलकेच उचलतो. गाडी बोटभर मागे येऊन थांबते. ती जागची हलत नाही हे पाहूनच पहिला गियर टाकतो.