नांगराच्या वळणाने मांडलेला पट

बातमी अमेरिकेतल्या वायोमिंगची आहे. कार्बन काउंटीत एल्क माउंटनजवळ 2021 साली चार शिकाऱ्यांनी माळावर घडीची शिडी उभी केली, एका अंगाने चढले आणि दुसऱ्या अंगाने उतरले. चढले ती जमीन सरकारी, उतरले तीही सरकारी. डावी-उजवीकडची मात्र एका रँचची, म्हणजे गुरांच्या मोठ्या खासगी कुरणाची. तिला त्यांचं पाऊलही लागलं नाही, तरी रँचमालकाने दावा लावला, कारण जमिनीवरची हवाही त्याचीच. 2025 मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

भांडण होतं चार जमिनी जिथे टेकतात त्या बिंदूचं. बिंदूला लांबी-रुंदी नसते हे शाळेत शिकलोय आपण. मग त्यातून माणसाने जायचं कसं?

त्या भागाचे जुने मोजणीचे नकाशे पाहिले, तर जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. एक घर खासगी, शेजारचं सरकारी. याचं खापर रेल्वेवर फोडलं जातं. 1862 च्या कायद्याने युनियन पॅसिफिक कंपनीला रूळ टाकण्याच्या बदल्यात जमीन मिळाली. 1864 मध्ये ती दुप्पट होऊन रुळांच्या दोन्ही बाजूंना 20-20 मैलांचा पट्टा ठरला. या पट्ट्यातली विषम आकड्यांची घरं रेल्वेची, सम आकड्यांची सरकारची. 1868 साली रूळ इथून पुढे गेले आणि इंजिनांच्या पाण्या-कोळशाच्या थांब्यांभोवती गावं उभी राहिली. लॅरामी, मेडिसिन बो आणि रॉलिन्स ही त्यातलीच. शायेन, अरापाहो, शोशोनी या मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या वाटा या चौकटींखाली पुसल्या गेल्या, हेही नकाशा पाहताना विसरता येत नाही.

पण नुसत्या ‘सम-विषम’ने पट तयार होत नाही! मला या सगळ्यात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. एक कागद घ्या आणि आडवी सहा, उभी सहा अशी 36 घरं आखा. ही झाली टाउनशिप, सहा मैल बाय सहा मैल. प्रत्येक घर म्हणजे सेक्शन, एक चौरस मैल, 640 एकर. आता आपण पुस्तक वाचतो तसे आकडे घाला: पहिल्या ओळीत 1 ते 6, खाली पुन्हा डावीकडून 7 ते 12. 1 च्या खाली 7 आला, त्याखाली 13. सगळे विषम! म्हणजे विषम घरांचे उभे पट्टे पडले आणि त्यांच्यामध्ये सरकारी जमिनीचे सलग पट्टे. शिडी लागलीच नसती.

प्रत्यक्षात 1796 च्या कायद्याने वेगळा क्रम ठरवला. ईशान्येच्या कोपऱ्यात 1, तिथून पश्चिमेकडे 6 पर्यंत. मग खाली उतरून 7 पासून उलट पूर्वेकडे 12 पर्यंत. तासाच्या टोकाला बैल वळतात आणि लगतचं तास उलट दिशेने धरतात, अगदी तसं. आता डावीकडून वाचा. वर 6, 5, 4, 3, 2, 1. खाली 7, 8, 9, 10, 11, 12. विषमाखाली सम, समाखाली विषम. शेजारची टाउनशिप जोडली तरी हा मेळ मोडत नाही, कारण 1 च्या पूर्वेला पलीकडचा 6 येतो आणि 36 च्या खाली 1. आधीच्या, 1785 च्या पद्धतीत प्रत्येक रांग एकाच दिशेने मोजत. तीच राहिली असती तर पट्टेच पडले असते. नांगरासारखं वळण घेतलं, म्हणून पट झाला.

पुढे रेल्वेची घरं ज्यांच्या हाती आली, त्या गुरांच्या मालकांनी आपल्याच हद्दीत, कडेकडेने कुंपणं घातली आणि मधली सरकारी घरं आयती कोंडली. सरकारी जमीन अशी कोंडायला बंदी घालणारा कायदा 1885 साली झाला. 2025 चा निकालही त्याच कायद्याच्या आधाराने लागला.

ही घरंही खरी चौरस नाहीत. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा एकमेकींच्या जवळ येतात. रुंदीतली ही घट मोजायची तर सहा मैल रुंदी गुणिले सहा मैल उंची, गुणिले अक्षांशाचा टॅन्जंट, भागिले पृथ्वीची त्रिज्या. वायोमिंगच्या त्या अक्षांशावर हा आकडा सुमारे 43 फूट येतो. टाउनशिपची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा तेवढी आखूड. म्हणून ठरावीक अंतरावर नवी आधाररेषा धरून रुंदी पुन्हा पूर्ण करतात आणि उरलेली तूट पश्चिमेच्या रांगेत ढकलतात. मोजणी व्हायची गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाच्या 66 फुटी साखळीने. आपला गुंठा 33 बाय 33 फूट, म्हणजे याच साखळीच्या निम्म्याचा चौरस!

त्या काळी माळरानावर ‘नांगरामागून पाऊस येतो’ असं सांगून जमिनी विकल्या जात. बेडकाचं लग्न लावून पाऊस येत नाही, तसा नांगर फिरवूनही येत नाही. 1890 च्या दशकातल्या दुष्काळाने ते दाखवून दिलं. भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी 1878 मध्येच लिहिलं होतं की तिथे गुरांवर जगणाऱ्या कुटुंबाला 2,560 एकर लागतील आणि हद्दी पाण्याच्या वाटा पाहून आखाव्यात. कुणी ऐकलं नाही.

आज मोबाइलवरच्या नकाशातली रेषा म्हणजे पक्की हद्द असं सांगणारे आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. कायद्याने हद्द ठरते ती मूळ मोजणीदाराने जागेवर रोवलेल्या खुणेने, मग त्याची साखळी चार फूट चुकलेली का असेना. बऱ्याच ठिकाणी ही खूण म्हणजे साधा दगड असे, कडेला छिन्नीने खाचा पाडलेला. दक्षिणेच्या कडेवर पाच, पूर्वेच्या कडेवर एक: टाउनशिपच्या दक्षिण हद्दीपासून पाच मैल, पूर्व हद्दीपासून एक. म्हणजे 1, 2, 11 आणि 12 यांचा कोपरा. त्यातले 1 आणि 11 रेल्वेचे, 2 आणि 12 सरकारचे.