डाळीतलं प्रोटीन वाया जात नाही

वजन कमी करायला स्वस्त प्रोटीन म्हणून डाळी-कडधान्यांकडे वळलं, की कुणीतरी हमखास सांगतं, 'त्याच जेवणात धान्य घ्या, नाहीतर डाळीचं प्रोटीन वाया जातं.' मग कॅलरी मोजणारा माणूसही भूक नसताना धान्य वाढून घेतो.

ही समजूत पसरवण्यात अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांच्या १९७१ च्या पुस्तकाचा मोठा वाटा. १९८१ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच ती दुरुस्त केली, पण दुरुस्ती वाचतो कोण!

प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांपैकी डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी, एवढं खरं. पण नऊही आवश्यक, म्हणजे अन्नातूनच मिळवावी लागणारी, अमिनो आम्लं दोन्हींत थोडीफार असतातच. शिवाय शरीरात जुनी प्रथिनं सतत मोडून त्यांतली अमिनो आम्लं पुन्हा वापरली जातात. त्यामुळे दुपारी कडधान्य आणि रात्री धान्य खाल्लं तरी हिशेब जुळतो. सोयाबीनला तर जोडीदाराची फारशी गरजच नाही.

फसगत होते ती वजनकाट्यावर. शंभर ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रोटीन हा आकडा कोरड्या मसुराचा. शिजून, पाणी पिऊन फुगलेल्या शंभर ग्रॅममध्ये ते जेमतेम ९ ग्रॅम भरतं. तेव्हा मसूर भिजवण्याआधीच तोला.