कुबानची बलाच्का: बोली, फर्मान आणि नावाचा वाद

आजच्या युक्रेनमधल्या झापोरिझियाच्या कोसॅकांचा, म्हणजे तिथल्या लढवय्या समुदायाचा, तळ १७७५ मध्ये रशियन फौजेने मोडून काढला आणि त्यांच्यातले काही हजार जण १७९२ पासून आजच्या दक्षिण रशियातील कुबान नदीच्या खोऱ्यात येऊन वसले. त्यांच्याबरोबर युक्रेनियन बोलीही तिथे गेली; तिच्यातूनच कुबानची बलाच्का ही बोली आली. खोऱ्याच्या पूर्वेकडे दक्षिण रशियन बोली बोलणारे कोसॅक होते. १८६० मध्ये दोघांचे एकच सैन्य झाले आणि हुकूम, कागदपत्रे, शाळा यांची भाषा रशियनच राहिली. तरीही १८९७ च्या जनगणनेत कुबान प्रांतातील सुमारे ४७ टक्के लोकांची मातृभाषा युक्रेनियन, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शब्दांत ‘लघुरशियन’, अशी नोंदली गेली.

खरा घाव १४ डिसेंबर १९३२ चा आहे. १९२० च्या दशकात कुबानमध्ये युक्रेनियन शाळा आणि वृत्तपत्रे सुरू झाली होती. धान्यवसुलीसंबंधीच्या सोव्हिएत सत्तेच्या त्या दिवशीच्या फर्मानात, पोल्ताव्स्काया हे अख्खे गाव उत्तरेकडे हद्दपार करण्याच्या आदेशासोबतच, कचेऱ्यांचा कारभार व वृत्तपत्रे ताबडतोब आणि शाळा येत्या शरदापर्यंत रशियनमध्ये न्याव्यात असे कलम होते. कारण असे दिले होते, की कुबानी लोकांना रशियन अधिक समजते. या कारणावर अजून वाद आहे. पुस्तकी युक्रेनियन आपल्या बोलीपेक्षा वेगळी वाटते, अशी तक्रार काही गावकरी आधीपासून करत होते, हे खरेच. परंतु पुस्तकी रशियन तरी त्यांच्या घरात कुठे बोलली जात होती? धान्य काढून घेणाऱ्या फर्मानातच भाषाही काढून घेतली जावी, याला लोकांची सोय म्हणणे मला पटत नाही.

त्यानंतर बोलीत काय टिकले आणि काय गेले, हे शब्दांत दिसते. घोड्याला रशियनमध्ये ‘कोन्’ म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी युक्रेनियन वळणाचा ‘किन्’ राहिला. शाळा, कचेरी, यंत्रे, लष्कर यांचे शब्द मात्र जवळपास सगळे रशियन झाले. ‘ग’च्या जागी येणारा घशातला ‘ह’ तरुणांच्या रशियनमध्येही ऐकू येतो. पण तसा घर्षक, म्हणजे हवा घासून निघणारा, उच्चार दक्षिण रशियन बोलींतही असल्यामुळे तेवढ्यावरून मूळ ठरवता येत नाही.

‘बलाच्का’ हे नावही साधे नाही. युक्रेनियन ‘बलाकाति’, म्हणजे बोलणे, गप्पा मारणे, यावरून ते आले आहे. कोणी तिला युक्रेनियनची बोली म्हणतात, कोणी मिश्र बोली, तर कोसॅकांमधले काही जण स्वतंत्र भाषा. तिला ‘सुर्झिक’ही म्हटले जाते. हा शब्द मुळात गव्हात राय मिसळून दळलेल्या पिठाचा आणि भाषेला लावला की हिणवणारा. गेल्या तीन-चार दशकांत कोसॅक परंपरेचे पुनरुज्जीवन झाले आणि बलाच्का गाण्यांतून रंगमंचावर आली, पण त्याच गावांतल्या शाळांत मुले रशियनच शिकतात.