टोंगा टोपल्या

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील झांबेझी खोऱ्यात व त्यालगतच्या झांबियाच्या दक्षिण पठारावर राहणाऱ्या टोंगा समाजातील स्त्रिया हाताने विणतात त्या टोपल्या. (पॅसिफिक महासागरातील टोंगा या बेटांच्या देशाशी या समाजाचा संबंध नाही.) झिंबाब्वेतील बिंगा जिल्हा, झांबियातील ग्वेम्बे खोरे आणि चोमा शहराचा परिसर येथे हे विणकाम विशेष चालते.

टोपली मुळात धान्याच्या कामाची. खोऱ्यातले जुने अन्न ज्वारी-बाजरीचे. ते धान्य पाखडायचे, निवडायचे, वाहून न्यायचे ते याच टोपल्यांतून. आपल्या सुपाची एक बाजू मोकळी असते. टोंगा टोपली मात्र उथळ, गोल आणि चहूकडून काठ असलेली.

बिंगाच्या टोपलीची खरी करामत तिच्या विणीत आहे. इलाला नावाच्या ताडवर्गीय झाडाची कोवळी पाने वाळवून, चिरून पट्ट्या काढतात. त्यांपैकी काही झाडाच्या सालीबरोबर उकळून गडद तपकिरी रंगवतात. उभ्या-आडव्या पट्ट्या दोनांवरून, दोनांखालून अशा गुंफत जातात आणि दर ओळीला वीण एक घर पुढे सरकते. त्यामुळे पृष्ठभागावर तिरप्या रेघा उमटतात. नक्षी वरून काढलेली नसते. रंगीत पट्टी कुठे घालायची हे विणतानाच ठरते, एक घर चुकले की पुढची सगळी नक्षी सरकते. वीज आणि कोळ्याचे जाळे या नक्षी विशेष परिचित आहेत. सुरुवात चौकोनी असल्याने बूड चौकोनी राहते; काठाला लवचीक काडीचे कडे लावून तो घट्ट शिवला की तोंड गोल होते. चौकोनातून गोलाकडे जाणारे हे वळण ज्या टोपलीत कुठेही ताणल्यासारखे दिसत नाही, ती उत्तम कारागिरीची समजावी.

1955 ते 1959 या काळात झांबेझीवर करिबा धरण बांधले गेले. सुमारे 280 किलोमीटर लांबीच्या जलाशयाखाली नदीकाठची सुपीक शेते गेली आणि जवळपास 57,000 टोंगा लोकांना विस्थापित व्हावे लागले. अनेकांच्या वाट्याला कोरड्या, हलक्या जमिनी आल्या. बिंगात पाऊस कमी आणि बेभरवशाचा, त्यामुळे टोपल्यांच्या विक्रीचा पैसा तिथल्या बायकांना मोलाचा ठरतो. दुष्काळात धान्य आणि मुलांची शाळेची फी त्यातून भागते. आता या टोपल्या व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या बाजारांत मिळतात, परदेशीही जातात. तिथे त्या बहुधा भिंतीवर टांगल्या जातात. चोमा आणि बिंगा येथील संग्रहालयांत टोंगा हस्तकला जपलेली आहे.

मागणी वाढली की भार इलालावर पडतो. मोजकी कोवळी पाने काढली तर झाड पुन्हा फुटते, पण वरचेवर शेंडा खुडला तर वाढ खुंटते आणि चांगल्या पानांसाठी बायकांना आणखी दूर चालत जावे लागते.