'म्हणजे पायलट का?' : लोहगावच्या विमानांतली बाकीची माणसं

पुण्यात कुणी म्हणालं, "मी एअर फोर्सला होतो," की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला : "म्हणजे पायलट का?" उत्तर "नाही" आलं की विचारणाऱ्याचं कुतूहल एक पायरी उतरतं आणि गप्पा पेन्शन, कॅन्टीन नाहीतर विमाननगरच्या ट्रॅफिककडे वळतात. टिंगरेनगर, विश्रांतवाडी, धानोरी, वडगाव शेरी या पट्ट्यात हवाई दलातून निवृत्त झालेली इतकी माणसं राहतात की हा प्रसंग मी कितीतरी वेळा पाहिलाय. दोन-तीनदा तर तो प्रश्न मीच विचारलाय. अशाच एका "नाही"नंतर आमच्या सोसायटीतले एक काका काही न बोलता आत गेले आणि कडा झिजलेलं लॉगबुक घेऊन बाहेर आले.

लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाला एक ओळ. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नंबर, कॅप्टन कोण, आपलं काम काय, कुठून कुठे आणि किती तास-मिनिटं. दिवसाचे तास काळ्या शाईत, रात्रीचे लाल. महिन्याच्या शेवटी बेरीज, खाली वरिष्ठाची सही. काकांच्या वहीत 'काम' या रकान्यात पानामागून पानं एकच शब्द होता : 'नेव्ह'. म्हणजे नेव्हिगेटर, विमानाला वाट दाखवणारा. १९७१ च्या डिसेंबरात बऱ्याच ओळी लाल होत्या आणि शेऱ्याच्या जागी फक्त 'ऑप्स', म्हणजे ऑपरेशन्स, युद्धातली मोहीम. बाकी काही नाही. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच लिहायचं असतं," ते म्हणाले.

या 'एवढंच'च्या मागे बराच मोठा इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा तरी पुण्याच्या एका धावपट्टीवर घडलेला आहे.

भारतीय हवाई दल कागदोपत्री ८ ऑक्टोबर १९३२ ला जन्मलं. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडला पहिली तुकडी उभी राहिली, चार वापिती विमानांवर. वापिती म्हणजे एकावर एक दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं विमान. पुढे वैमानिक, मागे मशीनगन धरून गनर. अधिकारी इंग्लंडात क्रॅनवेलला शिकून आलेले. इतरांना हुद्दा मिळाला 'हवाई सिपाही', आणि मला हा शब्द फार आवडतो. त्यात पायदळाची धूळ आहे. इंजिनाचे नटबोल्ट आवळणारे हे लोक. त्यांतलेच काही गनर होऊन मागच्या जागेत बसत. आपणच दुरुस्त केलेल्या इंजिनाच्या भरवशावर वायव्य सरहद्दीचे डोंगर ओलांडायचे, म्हणजे कामात कुचराई करायची सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात हीच दोन माणसांची जोडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेली. ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनकडे, म्हणजे विमानांच्या तुकड्यांकडे, व्हेन्जन्स नावाची विमानं होती, लक्ष्यावर जवळजवळ सरळ उभा सूर मारणारी. सूर मारायचा की नाही हे पुढचा ठरवणार, मागचा फक्त पट्टे घट्ट करणार.

लोहगावचा तळ १९३९ चा. मुंबईला हवाई संरक्षण हवं म्हणून ब्रिटिशांनी बांधलेला. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले आणि जाताना कानपूरला त्यांनी लिबरेटर नावाची चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमानं सोडली. कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्या सांगाड्यांना जेमतेम उडण्यालायक केलं आणि जमशेद मुन्शी हा त्यांचा टेस्ट पायलट ती एकेक करून बंगळूरला घेऊन गेला. तिथे नीट दुरुस्ती झाली आणि १९४८ मध्ये ५ नंबरची स्क्वाड्रन त्यांवर उभी राहिली. भंगारातून उभं राहिलेलं हे देशाचं पहिलं जड बॉम्बर दल. पुढे ६ नंबरची स्क्वाड्रन हीच विमानं घेऊन लोहगावला होती, काम अरबी समुद्रावरची टेहळणी.

लिबरेटरमध्ये क्रू म्हणजे एक छोटं बिऱ्हाडच. दोन वैमानिक, नेव्हिगेटर, रेडिओ सांभाळणारा सिग्नलर, फ्लाइट इंजिनिअर, गनर. आठ-दहा तास समुद्रावर. खाली खूण म्हणावी अशी एकही गोष्ट नाही, ना रस्ता ना डोंगर. रात्री आपण कुठे आहोत हे सांगायचं तर आकाशातून. नेव्हिगेटर विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटाखाली उभा राहून सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्याची उंची कोनात मोजायचं यंत्र, ताऱ्यावर धरायचा. विमान हलतं, यंत्रातला पातळी दाखवणारा बुडबुडा हलतो, म्हणून एकाच ताऱ्यावर मिनिट-दोन मिनिटं धरून सरासरी काढायची. असे तीन तारे, तीन रेषा, आणि नकाशावर त्यांचा मिळून झालेला छोटासा त्रिकोण. त्या त्रिकोणात आपलं विमान. इंग्रजी कोष्टकांत तारे आर्क्टुरस, व्हेगा, स्पायका अशा नावांनी यायचे. आमचे काका लिबरेटरवर नव्हते, पण हे शिकलेल्या पिढीतले. ते सांगतात, आजीनं गच्चीवर झोपताना दाखवलेले स्वाती, अभिजित आणि चित्रा हेच, हे कळायला त्यांना ट्रेनिंगमधले काही आठवडे गेले. कळल्यावर कोष्टक सोपं वाटायला लागलं. पंचांग आणि एअर अल्मनॅक, म्हणजे ती इंग्रजी कोष्टकं, यांची अशी गाठ पडलेली मी दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही.

लिबरेटर ३१ डिसेंबर १९६८ ला निवृत्त झाली. जगात त्या वेळी उडणाऱ्या लष्करी लिबरेटर जवळपास आपल्याच उरल्या होत्या, त्यामुळे परदेशी संग्रहालयांची त्यांवर नजर होती. ६ नंबर स्क्वाड्रनचं एक विमान आज इंग्लंडमध्ये रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात आहे. त्याच स्क्वाड्रनला १९६१-६२ पासून सुपर कॉन्स्टेलेशन मिळाली, एअर इंडियाची प्रवासी विमानं. एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली आणि ही चार पंख्यांची, तीन शेपट्यांची देखणी विमानं लोहगावला समुद्रावर नजर ठेवायच्या कामाला लागली. १९७६ मध्ये ती नौदलाकडे गेली.

पण पुण्याचं खरं विमान म्हणाल तर कॅनबेरा. १९५७ पासून हवाई दलात, आणि ३५ नंबरची स्क्वाड्रन पुण्यात. इथे क्रू एकदम दोनावर आला : वैमानिक आणि नेव्हिगेटर. गनर गेला, सिग्नलर गेला. जेट इतक्या वेगानं जायचं की गोळी मारून वाचण्यापेक्षा पळून वाचणं शहाणपणाचं होतं.

१८ डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीच्या कारवाईचं हवाई नेतृत्व पुण्यातून होत होतं, एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे. सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा गोव्याच्या दाबोळी विमानतळावर गेल्या आणि ६३,००० पाउंड बॉम्ब धावपट्टीवर टाकून आल्या. टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावायचा नाही, अशी ताकीद होती; विमानतळ उद्या आपलाच होणार होता. बारा वैमानिक आणि तितकेच नेव्हिगेटर. वर्णनं वाचताना नावं बहुधा पहिल्या बाराचीच येतात. गंमत अशी की एवढं करूनही त्या रात्री दोन पोर्तुगीज विमानं धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून उडून निसटली.

कॅनबेराच्या पोटात शिरून पाहिल्याशिवाय 'नेव्ह' या शब्दाचा अर्थ कळत नाही. आपल्याकडच्या बॉम्बर प्रकारात वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली, एका बाजूला सरकून बसलेला. त्याला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसासकट बाहेर उडणारी खुर्ची. नेव्हिगेटर खाली, नाकाच्या भागात. उजवीकडच्या छोट्या दारातून आत शिरायचं, नकाशाच्या फळीपाशी बसायचं, आणि लक्ष्य जवळ आलं की सरपटत पुढे जाऊन काचेच्या नाकात पालथं झोपायचं. तिथून बॉम्बचा नेम. त्याला इजेक्शन सीट नाही. वेळ आलीच तर पॅराशूट लावून त्याच दारातून बाहेर पडायचं. कमी उंचीवर, रात्री, हे कितपत जमलं असतं याचा हिशेब प्रत्येक नेव्हिगेटरनं मनात कधीतरी केलेला असणार. १९६५ मध्ये आणि १९७१ मध्ये कॅनबेरांनी बहुतेक हल्ले रात्रीच केले. पुण्याच्या ३५ नंबर स्क्वाड्रनची विमानं १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर गेली.

मी काकांना विचारलं होतं, वैमानिकाबद्दल राग नाही यायचा का? त्याला खुर्ची, तुम्हाला दार. ते हसले. "अरे, रस्ता मीच सांगत होतो ना त्याला. तो वर बसून माझं ऐकायचा." मग थोडं थांबून, "आणि माझ्याशिवाय तो उडी मारणार नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. बोललो मात्र कधीच नाही." पन्नास वर्षांनी ही दोन कुटुंबं अजून एकमेकांकडे दिवाळीचा फराळ पाठवतात. लॉगबुकात याला रकाना नाही.

वाहतूक विमानांची कहाणी वेगळी, इथे थोडक्यात. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला उतरलेल्या डाकोटांपासून पुढे ईशान्येच्या दऱ्यांत तांदूळ टाकणाऱ्या डाकोटांपर्यंत क्रू म्हणजे वैमानिक, नेव्हिगेटर, सिग्नलर, आणि उघड्या दारात उभं राहून पोती ढकलणारे सैन्याचे जवान. तांदूळ दुहेरी पोत्यांत भरायचे. आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं.

आणि आता ते, जे उडतच नाहीत. त्यांना विसरलो तर आमच्या गल्लीतले एक निवृत्त वॉरंट ऑफिसर माझ्याशी बोलणार नाहीत. विमान सोडण्याआधी त्याच्या ७०० नंबरच्या फॉर्मवर एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, शस्त्रांवाला अशा एकेक ट्रेडची सही होते. शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान त्याचं होतं. उतरल्यावर तो परत सही करतो, तक्रारी लिहितो, आणि विमान पुन्हा जमिनीवरच्या लोकांचं. जमिनीवर असताना लावलेल्या, लाल फितीच्या सुरक्षेच्या पिना काढून वैमानिकाला दाखवायच्या, मोजून. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. एक जागा रिकामी दिसली की विमान सुटत नाही, पाना सापडेपर्यंत. ते म्हणतात की घरी स्वयंपाकघरात सांडशी जागेवर नसली तरी त्यांच्या पोटात अजून गोळा येतो. बायको म्हणते, घर आहे हे, हँगर नाही.

या माणसांच्या आठवणी कागदावर का उतरल्या नाहीत, याचं सोपं उत्तर गोपनीयता. ते अर्धंच खरं आहे. स्क्वाड्रनची अधिकृत दैनंदिनी म्हणजे ५४० नंबरचा फॉर्म. त्यात किती विमानं गेली, लक्ष्य काय, किती परतली, असा मजकूर. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे सरकारी इतिहास लिहून झाले तरी वर्षानुवर्षं प्रसिद्ध झाले नाहीत. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण आणलं की अशा नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हाव्यात आणि युद्धांचे इतिहास पाच वर्षांत लिहिले जावेत. चांगलंच आहे. पण उद्या सगळ्या फायली उघडल्या तरी त्यांत स्वाती नक्षत्र नसेल आणि दिवाळीचा डबाही नसेल. ते अजून माणसांजवळ आहे आणि ही माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. दुसरं कारण आपल्याकडेच आहे. आपण "पायलट का?" विचारतो आणि "नाही" म्हटल्यावर थांबतो.

कॅनबेरा ११ मे २००७ ला निवृत्त झाली, पन्नास वर्षं पूर्ण करून. त्याआधी २१ मे १९९९ ला कारगिलवर फोटो काढताना एका कॅनबेराच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं, तरी ती एका इंजिनावर परत आली. पुण्यात तोवर सुखोई आलेली होती. पहिली तुकडी १९९७ मध्ये लोहगावला दाखल झाली, सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये. राष्ट्रपती असताना अब्दुल कलाम २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील २००९ मध्ये इथूनच सुखोईतून उडाले. ते फोटो पुण्याच्या घराघरांत पोचले. दोघं ज्या मागच्या खुर्चीत बसले ती रोज ज्याची असते, तो वेपन सिस्टीम ऑपरेटर, म्हणजे शस्त्रांची यंत्रणा हाताळणारा. कॅनबेराच्या नेव्हिगेटरचा वारसदार म्हणायला हरकत नाही, फक्त नकाशाच्या जागी पडदे आले. मी हे सगळं काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मागच्याला इजेक्शन सीट आहे?"

"आहे. दोघांनाही."

"बरं केलं."

८ ऑक्टोबर २०२२ ला, चंडीगडच्या वायुसेना दिनाच्या कार्यक्रमात, तेव्हाचे हवाई दल प्रमुख विवेक चौधरी यांनी वेपन सिस्टीम नावाची नवी शाखा जाहीर केली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच लढाऊ कामासाठी अशी वेगळी शाखा निघाली. मागच्या खुर्चीतले ऑपरेटर त्यात आले, क्षेपणास्त्रं सोडणारे आले, आणि दूरवरच्या खोलीत बसून वैमानिकाविना विमानं हाताळणारेही आले. क्रू दहावरून दोनावर आणि दोनावरून शून्यावर, निदान विमानाच्या आत तरी.

बातमी वाचून दाखवली तर काकांनी चष्मा काढून पुसला. लॉगबुक टीपॉयवर उघडंच होतं, १९७१ च्या पानावर.

"म्हणजे हे लोक जमिनीवर बसून रात्री विमान उडवणार," ते म्हणाले. "मग ते तास लाल शाईत लिहायचे, की काळ्या?"